जुना पीसी, लिनक्स आणि अभ्यासिकेचा सर्व्हर

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि आपल्याकडच्या शाळांच्या लॅबमधले, संगणक वर्गांतले, झेरॉक्सच्या दुकानांतले कितीतरी धडधाकट पीसी एका रात्रीत 'जुने' ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मदरबोर्डवरची सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच अधिकृतपणे चालतो. मग चौथ्या-सहाव्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची डिस्क असा डबा जातो कुठे? लॅबच्या कोपऱ्यात धूळ खात पडतो, नाहीतर किलोच्या भावानं भंगारात. हा लेख त्या डब्यासाठी आहे.

त्यावर लिनक्स टाकलं तर तो सर्व्हर म्हणून अजून काही वर्षं निवांत चालतो. काय काम करेल? समोर एकच उदाहरण ठेवू. उदगीर, सेलू, अंबाजोगाई, कुठलंही गाव घ्या, तिथली अभ्यासिका. पन्नास-साठ मुलं, कोणी एमपीएससीचं, कोणी पोलीस भरतीचं, कोणी नीटचं. प्रत्येकाच्या हातात फोन, पण दिवसाचा डेटा दुपारपर्यंत उडालेला. अशा अभ्यासिकेच्या वायफायला हा पीसी जोडायचा. त्यात मराठी विकिपीडिया ठेवायचा, आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका ठेवायच्या. मुलं फोनवर ते उघडतील आणि इंटरनेटचा एक एमबीसुद्धा खर्च होणार नाही.

सर्व्हर म्हटलं की लोकांना एसीची खोली, काळं कपाट आणि लाखांचं कोटेशन आठवतं. पण नेटवर्कवर बसून मागणीची वाट पाहणारा आणि मागितलं की देणारा कुठलाही संगणक म्हणजे सर्व्हर. तुमच्या टेबलावरच्या पीसीत आणि त्याच्यात फरक एवढाच, की त्याच्यापुढे कोणी बसलेलं नसतं. मॉनिटर नाही, माऊस नाही. लाईट जाऊन आली की त्यानं आपलं आपण उठून कामाला लागायचं. पुढे जे काही करायचं आहे, ते या एका अपेक्षेपोटी.

कर्नल, कोड आणि परवाना

संगणक चालू केल्यावर जो ताबा घेतो आणि बंद होईपर्यंत सोडत नाही, तो कर्नल. कोणत्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची, प्रोसेसरवर कोणाचा नंबर कधी लावायचा, नेटवर्क कार्डातून आलेला डेटा कोणाच्या हवाली करायचा, हा सगळा निवाडा त्याचा. त्याच्याभोवती फाईल कॉपी करणारी, यादी दाखवणारी, नवे प्रोग्राम बसवणारी शेकडो छोटी साधनं असतात. दोन्ही मिळून झाली ऑपरेटिंग सिस्टिम. लिनक्स हे खरं तर नुसत्या कर्नलचं नाव. बोलताना सगळ्या संचालाच आपण लिनक्स म्हणतो, आणि मीही तेच करणार आहे.

प्रोग्राम माणूस लिहितो तेव्हा तो वाचता येईल अशा भाषेत असतो. तो सोर्स कोड. कंपन्या सहसा तो देत नाहीत, फक्त यंत्राला कळणारं रूप विकतात. मुक्त स्रोत प्रणालीत कोडही मिळतो आणि सोबत एक परवाना मिळतो: कशासाठीही वापरा, वाचा, बदला, दुसऱ्याला प्रत द्या. म्हणजे एकाच पेन ड्राइव्हवरून लॅबमधल्या चाळीस मशिनवर उबंटू नावाचं लिनक्स टाकलं तर ती चोरी होत नाही, परवान्यातच ते लिहिलेलं आहे. 'क्रॅक' मारून सॉफ्टवेअर चालवणं आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय, की कायदेशीर आणि फुकट असं काही असू शकतं यावर लोकांचा पटकन विश्वास बसत नाही.

ही कल्पना एका प्रिंटरवरून पेटली, असं सांगतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर होता. कागद अडकला की लोकांना तसा निरोप जावा, अशी सोय त्यानं जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये करून घेतली होती. झेरॉक्सचा नवा प्रिंटर आला, पण त्याचा कोड मिळेना. त्यामुळे तीच सोय पुन्हा करता येईना. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये त्यानं संपूर्ण मुक्त अशी प्रणाली बांधण्याची घोषणा केली. तिचं नाव ग्नू. साधनं बरीचशी तयार झाली, कर्नल मात्र रखडलं. ते आलं फिनलंडमधून. हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं २५ ऑगस्ट १९९१ ला जाहीर केलं, की आपण छंद म्हणून एक छोटी प्रणाली लिहितो आहोत. पुढच्याच वर्षी त्यानं ती जीपीएल या परवान्याखाली आणली. या परवान्याची मेख अशी, की कोड बदलून दुसऱ्याला दिलात तर बदललेला कोडही त्याच अटीवर द्यावा लागतो. घेतलं आणि दडवून ठेवलं, असं करता येत नाही.

आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचं कर्नल आहे, भिंतीवरच्या वायफाय राउटरमध्येही बहुतेक तेच. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून एकूण एक संगणक लिनक्सवर चालतो आहे.

'फुकटात कोण राबतं हो एवढं?' हा प्रश्न हमखास येतो. कर्नलचा बराचसा कोड आता पगारी इंजिनिअर लिहितात. इंटेल, गुगल, रेड हॅट असल्या कंपन्या त्यांना पैसे देतात, कारण त्यांचाच धंदा त्यावर उभा आहे. २०१९ मध्ये आयबीएमनं रेड हॅट सुमारे ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. कोड फुकट देणाऱ्या कंपनीची ही किंमत.

कोणतं लिनक्स?

कर्नल एकच, पण त्याभोवती साधनं जमवून, तपासून, बसवायला सोपा संच करून देणारे अनेक आहेत. अशा संचाला डिस्ट्रो म्हणतात. डेबियन १९९३ चं. २००४ ला उबंटू आलं, ते डेबियनवरच बेतलेलं. सी-डॅक या आपल्या सरकारी संगणक संस्थेचं बॉस नावाचं लिनक्सही डेबियनच्याच घराण्यातलं. दुसरं घराणं रेड हॅटचं. त्यातलं सेंटओएस कित्येक सर्व्हरांवर असायचं. त्याची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळू असं म्हणता म्हणता २०२१ अखेरीस बंद केली, आणि लोकांची धावाधाव झाली. त्या रागातून रॉकी लिनक्स आणि अल्मा लिनक्स उभे राहिले. कोड मोकळा होता म्हणूनच ते शक्य झालं.

पहिल्यांदा करत असाल तर उबंटू सर्व्हर घ्या, एलटीएस (म्हणजे जास्त काळ साथ मिळणारी आवृत्ती) लिहिलेलं. का? अडलं की उत्तर शोधायला सोपं जातं, एवढंच कारण. २४.०४ म्हणजे २०२४ सालचा चौथा महिना; एलटीएस आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळतात. एकदा बसवून वर्षभर ज्याच्याकडे ढुंकून बघायचं नाही, त्या मशिनवर मी डेबियन पसंत करतो. पीसी ३२ बिटचा, फारच म्हातारा असेल तर मात्र नाद सोडा. उबंटूनं ती साथ कधीच सोडली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नंही ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलर दिलेला नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सेतू केंद्राच्या किंवा हिशेबनिसाच्या टेबलावरचा पीसी उत्साहाच्या भरात लिनक्सवर नेऊ नका. टॅली विंडोजवर चालतं, बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रांचे ड्रायव्हर बहुतेकदा विंडोजचेच मिळतात, जुन्या मराठी फॉन्टमधल्या फायलींचा घोळ निराळाच. तिथं दोन दिवसांत शिव्या खायची वेळ येते. सर्व्हरच्या कामाला यातलं काहीच आड येत नाही.

डबा उघडा, मगच पुढे

मराठवाड्यातल्या पीसीचा पहिला शत्रू धूळ आणि दुसरा मे महिना. डबा उघडून ब्लोअरनं साफ करा, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट बदला. पत्र्याच्या खोलीत, बाहेर पारा त्रेचाळीसवर असताना, ही पेस्टच मशीन वाचवते. जमलं तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाका. चार जीबी रॅम आपल्या कामाला पुरते.

आणि मदरबोर्डवरचा तो रुपयाएवढा गोल सेल बदला. हा सल्ला किरकोळ वाटेल, पण बिनमाणसाच्या मशीनला सगळ्यात जास्त दगा हाच देतो. सेल मेला असेल तर लाईट गेल्यावर पीसी तारीखही विसरतो आणि बायोसच्या, म्हणजे पीसी सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंग्जही विसरतो. लाईट आली की काळ्या पडद्यावर 'एफ-वन दाबा' असं लिहून थांबतो. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, दाबणार कोण? तो तसाच थांबून राहतो आणि मुलं म्हणतात, 'सर, वेबसाईट उघडंना गेलीय.'

सेल बदलल्यावर बायोसमध्ये दोन गोष्टी करा. लाईट परत आल्यावर काय करायचं, असा एक पर्याय बहुतेक मदरबोर्डांत पॉवरच्या पानावर असतो. तो 'चालू हो' वर ठेवा. कीबोर्ड नसला तरी अडून न बसण्याचा पर्यायही शोधा. घरगुती इन्व्हर्टरवर मशीन ठेवणार असाल तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे ना पाहा. साध्या मोडमध्ये लाईट जाताना क्षणभराचा जो झटका बसतो, त्यात पंखा टिकतो पण पीसी रिस्टार्ट होतो.

विजेचा हिशेबही आत्ताच करून टाकू. असा पीसी निवांत असताना साधारण ५० वॅट खातो. चोवीस तास चालला तर दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६. अभ्यासिका रात्री बंद होत असेल तर तोही बंद ठेवा, काही बिघडत नाही. फक्त बटण दाबून धरून मारू नका. नीट बंद करायची आज्ञा द्या.

बसवणं

उबंटूच्या संकेतस्थळावरून सर्व्हरची आयएसओ फाईल (सगळा इन्स्टॉलर एकाच फाईलीत) उतरवायची. गावात नेट रडतं असेल तर ज्याच्याकडे फायबर आहे त्याच्याकडून आणा. ही फाईल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. रूफस किंवा बलेना एचर यांसारख्या प्रोग्रामनं ती 'लिहावी' लागते. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह बास झाला, त्यावर आधीचं जे असेल ते पुसलं जाईल. मग पीसी चालू करताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे जी की असेल ती दाबून पेन ड्राइव्हवरून बूट करा. लॅनची वायर लावलेली असू द्या. वायफायच्या भरवशावर सर्व्हर बसवत नसतात.

इन्स्टॉलर रंगीत अक्षरांचा, माऊसविना चालणारा. टॅब आणि बाणांनी फिरायचं, स्पेसनं खूण करायची. बहुतेक पानांवर समोर आहे तेच ठेवून पुढे जा. दोन ठिकाणी मात्र थांबा.

पहिलं ठिकाण डिस्कचं. 'पूर्ण डिस्क वापरा' म्हटलं की जुना सगळा डेटा जातो, हे तर उघड आहे. पण आणखी एक मेख आहे. एलव्हीएमची, म्हणजे डिस्कचे भाग नंतर लहानमोठे करू देणाऱ्या सोयीची, खूण तशीच ठेवली, तर दोनशे जीबीच्या वरच्या डिस्कवर उबंटू स्वतःसाठी फक्त शंभर जीबी घेतं आणि उरलेली जागा पुढच्यासाठी राखून ठेवतं. पाचशेची डिस्क लावून महिन्याभरात 'जागा संपली' असा निरोप येतो तो यामुळे. पुढच्या सारांशाच्या पानावर मुख्य भागाचा आकार दिसतो. तिथंच तो वाढवून सगळी जागा द्या.

दुसरं ठिकाण ओपन-एसएसएचचं. 'हा सर्व्हर बसवायचा का' असं विचारलं जातं, तिथं खूण करा. पुढे दुसऱ्या संगणकावरून या मशिनमध्ये शिरायचा हाच दरवाजा आहे.

रिस्टार्ट झाल्यावर काळा पडदा येतो, लॉगिन विचारतो. नाव टाईप होतं. पासवर्ड टाईप करायला जावं तर पडद्यावर काहीच उमटत नाही. अक्षर नाही, टिंब नाही, कर्सरसुद्धा हलत नाही. इथं नव्वद टक्के लोक हात थांबवतात: 'सर, कीबोर्ड चालंना गेलाय.' चालतोय. पासवर्ड किती अक्षरी आहे हेही शेजारच्याला कळू नये म्हणून युनिक्स या लिनक्सच्या आधीच्या प्रणालीच्या काळापासूनची ती रीत आहे. बिनधास्त टाईप करा आणि एंटर मारा.

पहिल्या आज्ञा

आज्ञा रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाईप करायच्या. इथं मी उच्चार लिहितो आहे. लिनक्समध्ये लहान आणि मोठं अक्षर वेगळं धरतात, तेव्हा कॅप्स लॉकपासून जपून.

पहिली आज्ञा 'सुडो एपीटी अपडेट', दुसरी 'सुडो एपीटी अपग्रेड'. एपीटी हे प्रोग्राम बसवणारं साधन. पहिलीनं उबंटूच्या भांडारातल्या प्रोग्रामांची ताजी यादी येते, दुसरीनं खरोखरचे अपडेट बसतात. सुडो म्हणजे 'हे काम मालकाच्या अधिकारानं कर'. रोजच्या वापरात तुम्ही साधे वापरकर्ता असता आणि प्रणालीच्या फायलींना हात लावू शकत नाही. लागेल तेव्हाच सुडो म्हणून अधिकार घेता. विंडोजवर आपण सगळे कायम ॲडमिन होऊनच बसलेलो असतो, त्यामुळे ही शिस्त सुरुवातीला जाचते. पण अर्ध्या विषाणूंचं बळ त्या सवयीतच असतं. आणि नेटवर सापडलेली, सुडोनं सुरू होणारी आज्ञा न समजता चिकटवू नका. एवढं एक पथ्य पाळलं तरी पुष्कळ.

सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर असतं. 'टाइम-डेट-सीटीएल' या आज्ञेनं टाइम झोन 'एशिया/कोलकाता' करून घ्या, नाहीतर दुपारी चारला झालेली गडबड नोंदीत सकाळी साडेदहाची दिसेल आणि तुम्ही भलत्याच वेळेचा माग काढत बसाल.

फोल्डर कोणते, हे थोडक्यात. सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह इथं नसतात; सगळं एकाच मुळापासून फुटतं. 'ईटीसी' मध्ये सेटिंग्ज, 'होम' मध्ये वापरकर्त्यांचं सामान, 'वार' मध्ये नोंदी आणि वेबसाईटच्या फायली. सेटिंग्ज साध्या मजकुराच्या फायली असतात, नॅनो नावाच्या एडिटरनं उघडून बदलता येतात. बदलण्याआधी त्या फाईलची एक प्रत काढून ठेवायची.

पत्ता, दार आणि शटर

प्रत्येक मशीनला नेटवर्कवर एक आयपी पत्ता मिळतो, जसं १९२.१६८.१.५०. तो राउटर वाटतो, आणि उद्या दुसराच देऊ शकतो. सर्व्हरचा पत्ता रोज बदलून चालणार नाही. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन या मशीनसाठी तो राखून ठेवा. 'आयपी ए' ही आज्ञा सध्याचा पत्ता दाखवते.

पण एकाच मशीनवर अनेक कामं चालतात. मागणी आली तर ती कोणासाठी, हे कसं कळणार? त्यासाठी पोर्ट असतात. मोंढ्याचा पत्ता एक, पण आत गाळे नंबरवार. सोयाबीनची गाडी एका गाळ्यावर, तुरीची दुसऱ्या. तसं साध्या वेबपानांसाठी ८० नंबर, कुलूपबंद म्हणजे एचटीटीपीएस पानांसाठी ४४३, आणि दुरून मशीन चालवायच्या एसएसएचसाठी २२. फायरवॉलचं काम एवढंच, की लागतील तेवढीच शटरं उघडी ठेवायची.

उबंटूमध्ये यूएफडब्ल्यू नावाचा फायरवॉल आधीपासून असतो, पण बंद. तो चालू करताना क्रम चुकवू नका. आधी 'सुडो यूएफडब्ल्यू अलाव ओपन-एसएसएच', मग ८० साठी तशीच परवानगी, आणि सगळ्यात शेवटी 'सुडो यूएफडब्ल्यू एनेबल'. उलटं केलंत तर तुमचंच २२ नंबरचं शटर तुमच्या तोंडावर बंद होतं, आणि कपाटावरचा डबा उतरवून मॉनिटर जोडावा लागतो.

आता तुमच्या विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा. 'एसएसएच', मग तुमचं नाव, ॲट, आणि सर्व्हरचा पत्ता. एसएसएच आता विंडोजमध्येच येतं, वेगळं काही बसवायला नको. पहिल्या वेळी 'हा यजमान ओळखीचा नाही' म्हणून तो खात्री करून घेतो. पूर्ण 'येस' लिहावं लागतं, नुसतं वाय चालत नाही. आत शिरलात की मॉनिटर आणि कीबोर्ड काढून घ्या.

पासवर्डपेक्षा किल्ली चांगली. 'एसएसएच-कीजेन' ही आज्ञा किल्ल्यांची जोडी बनवते: एक खाजगी, ती तुमच्या लॅपटॉपवरच राहते, दुसरी सार्वजनिक, ती सर्व्हरवर ठेवायची. मग पासवर्डनं शिरणं बंदच करून टाकता येतं.

पान दिसलं पाहिजे

'सुडो एपीटी इन्स्टॉल एंजिन-एक्स'. मिनिटभरात वेब सर्व्हर चालू. फोन त्याच वायफायवर घ्या आणि ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता टाका, सुरुवातीला 'एचटीटीपी' लिहून, कारण आजकालचे ब्राउझर आपणहून 'एचटीटीपीएस' शोधायला जातात. स्वागताचं साधं पान दिसेल. 'वार' मधल्या तीन डब्ल्यूंच्या फोल्डरात 'एचटीएमएल' नावाचा फोल्डर आहे. प्रश्नपत्रिका तिथं टाकायच्या. विंडोजवरून फायली पाठवायला विन-एससीपी सोयीचं. आधी त्या फोल्डरात लिहायचा अधिकार आपल्या नावानं करून घ्यावा लागतो. फोल्डरातली यादी आपोआप दिसावी म्हणून एंजिन-एक्सच्या सेटिंगमध्ये 'ऑटोइंडेक्स' चालू करावं लागतं. आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्या संकेतस्थळावर असतात. क्लासवाल्यांच्या नोट्स मात्र त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका.

पान दिसलं नाही तर? मशीनला दोष देण्याआधी वायफाय बघा. पाहुण्यांसाठीचं 'गेस्ट' नेटवर्क असेल तर राउटर फोनला बाकीच्या मशीनशी बोलूच देत नाही. आणि वायफायला इंटरनेट नसलं की बरेच फोन गुपचूप मोबाईल डेटावर उडी मारतात. डेटा बंद केला की पान लगेच येतं. साठ मुलं एकदम जोडली गेली तर दम सर्व्हरचा लागत नाही, साध्या घरगुती राउटरचा लागतो. खर्च करायचा असेल तर तिथं करा.

विकिपीडियासाठी कीविक्स आहे. २००७ पासूनचा हा प्रकल्प सबंध विकिपीडिया एका झिम नावाच्या फाईलमध्ये बांधून देतो. चित्रांसह पूर्ण इंग्रजी विकिपीडिया शंभर जीबीच्या घरात जातो. मराठीचा त्यामानानं खूपच लहान, पेन ड्राइव्हवर मावणारा. उतरवताना 'डब्ल्यूगेट' ही आज्ञा 'वजा सी' लावून द्या, म्हणजे मधेच नेट तुटलं तरी पुढे तिथूनच सुरू होतं. मग 'कीविक्स-टूल्स' बसवायचं आणि 'कीविक्स-सर्व्ह' ला झिम फाईल दाखवून ८०८० पोर्टवर चालवायचं. तेवढं शटरही उघडायचं. शोधायची चौकट आपोआप मिळते. मशीन उठलं की हेही आपणहून उठावं म्हणून सिस्टिम-डी या, मशीन सुरू होताना बाकीचे प्रोग्राम उठवणाऱ्या साधनात त्याची सात-आठ ओळींची सर्व्हिस फाईल लिहावी लागते. मग मुद्दाम प्लग काढा, परत लावा, आणि कशालाही हात न लावता फोनवर पान येतं का ते पाहा. ही परीक्षा पास झाल्याशिवाय डबा कपाटावर चढवू नका.

चालू ठेवणं

बसवायला एक दुपार लागते. खरं काम त्यानंतरचं. उबंटू सर्व्हर सुरक्षेचे अपडेट आपणहून घेतो, पण त्यासाठी अधूनमधून त्याला इंटरनेट मिळायला हवं, आणि कर्नलचा अपडेट रिस्टार्ट केल्यावरच लागू होतो. आठवड्यातून एकदा लॉगिन करा. रिस्टार्ट हवा असेल तर पडद्यावर तसं लिहून येतं.

मोकळा कोड म्हणजे आपोआप सुरक्षित, असं मात्र समजू नका. एक्सझेड या फाईल दाबून लहान करणाऱ्या छोट्या साधनाचं प्रकरण अजून ताजं आहे. ते साधन एक जण फावल्या वेळात सांभाळत होता. 'जिया टॅन' असं नाव घेतलेल्या कोणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ मदत करत करत विश्वास मिळवला, आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत एसएसएचमधून चोरून शिरायची वाट घुसवली. त्या वर्षीच्या २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरनं ती उघड केली. कशावरून? एसएसएचनं लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे त्याला खटकलं म्हणून! कोड उघडा होता म्हणून तो तळापर्यंत जाऊ शकला, आणि डेबियन-उबंटूच्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत ती घाण पोचायच्या आत पकडली गेली. सगळं जग ज्यावर उभं आहे ते साधन एकटा दमलेला माणूस सांभाळत होता, हेही त्याच प्रकरणात दिसलं. एलटीएस घ्या म्हणतो ते यासाठीही. नवं कोरं ते आधी दुसऱ्यांना चाखू द्यावं.

अभ्यासिकेचा सर्व्हर बाहेरच्या इंटरनेटवर उघडा करायच्या भानगडीत पडू नका. राउटरमध्ये पोर्ट उघडलं की काही मिनिटांत जगभरचे बॉट २२ नंबरवर पासवर्ड घासायला लागतात. शिवाय बऱ्याच कंपन्या अनेक ग्राहकांत मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून मागणी तुमच्यापर्यंत येतच नाही. बाहेरून दिसायलाच हवं असेल तर महिन्याच्या भाड्यानं व्हीपीएस, म्हणजे एखाद्या कंपनीच्या सर्व्हरमधला आपल्यापुरता वाटा, घ्या. तिथंही हेच उबंटू, ह्याच आज्ञा. वर लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं, एचटीटीपीएससाठी लागणारं फुकट प्रमाणपत्र लावलं की ४४३ चालू.

राहिला बॅकअप. विकिपीडिया पुन्हा उतरवता येतो, त्याचा बॅकअप नको. पण तुम्ही जमवलेल्या प्रश्नपत्रिका आणि 'ईटीसी' मधल्या बदललेल्या फायली 'आरसिंक' या प्रती काढणाऱ्या आज्ञेनं बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क त्याच कपाटावर ठेवू नका. कोणाच्या तरी घरी न्या. दोन-तीन महिन्यांनी त्यातली एखादी फाईल परत काढून उघडते का पाहा. सोबत एक साधी वही करा: सर्व्हरचा पत्ता, राउटरचा पासवर्ड, काय काय बसवलंय, कोणती फाईल कधी बदलली. अभ्यासिका सांभाळणारा मुलगा भरती झाला की निघून जातो, तेव्हा त्याच्यानंतरच्याला ती वही द्यायची, आणि त्याच दिवशी जुन्याची एसएसएच किल्ली सर्व्हरवरून काढून टाकायची.